संक्रांतीची तारीख

मकरसंक्रांत हा चुकीच्या दिवशी साजरा होणारा सण आहे, असं मी वर्षानुवर्षं वर्गात सांगत आले. भूगोल शिकवत असे. डिसेंबरमध्ये ऋतूंचा धडा आला की फळ्यावर पृथ्वी काढायची, तिचा साडेतेवीस अंशांचा कल दाखवायचा आणि मग मुलांकडे वळून म्हणायचं, ‘आता सांगा, उत्तरायण कधी सुरू होतं? 22 डिसेंबरला. आणि आपण तिळगूळ कधी वाटतो? 14 जानेवारीला. म्हणजे तेवीस दिवस उशिरा.’ मुलं हसायची, आणि मला ते हसू आवडायचं.

मुद्दा खोटा नव्हता, हे आधी सांगते. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा अतिशय सावकाश डुलतो, एका फेरीला त्याला सुमारे 26,000 वर्षं लागतात. त्यामुळे सूर्य दक्षिणेच्या टोकावरून मागे वळतो तो क्षण आणि तो तारकांमधल्या मकर राशीत शिरतो तो क्षण, हे दोन्ही दर सत्तर-बहात्तर वर्षांनी एक दिवस दूर जात राहतात. साधारण सतराशे वर्षांपूर्वी ते एकाच दिवशी होते. आपली पंचांगं तारकांना धरून राहिली, म्हणजे निरयन राहिली. ऋतू मात्र सूर्याबरोबर गेले.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महाराष्ट्रात यावर मोठा वाद झाला. विसाजी रघुनाथ लेले, जनार्दन बाळाजी मोडक आणि शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी सायन पंचांगाचा, म्हणजे ऋतूंना धरून चालणाऱ्या पंचांगाचा आग्रह धरला. दीक्षित हे माझे आदर्श. कोकणातल्या मुरूडचे, पेशाने शिक्षक. त्यांचं ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ 1896 साली आलं आणि दोनच वर्षांत ते गेले, पंचेचाळिशीच्या आसपास. पुढे भारत सरकारने मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणा समिती नेमली आणि 22 मार्च 1957 पासून राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली. तिच्यातला पौष महिना 22 डिसेंबरलाच सुरू होतो. म्हणजे सरकारदरबारीही माझंच बरोबर होतं. हे सगळं मला पाठ होतं.

पाठ होतं, हीच अडचण होती. ते माझ्या ध्यानात यायला नोकरी संपावी लागली.

या बरोबर असण्याचा मी घरात कसा वापर केला, ते लिहायला जड जातं. सासूबाई हलवा करायच्या. पौष लागला की शेगडीवर परात चढायची, तिच्यात मूठभर तीळ. साखरेचा पाक, त्यात लिंबाचे चार थेंब. चमच्याने पाकाचा थेंब तिळांवर सोडायचा आणि बोटांच्या टोकांनी परातीतच फिरवत राहायचं. पाक सुकला की पुढचा थेंब. घाई केली की दाणे एकमेकांना चिकटतात, आच वाढली की पांढरेपणा जातो. दोन-तीन दिवस असं चालायचं, तेव्हा कुठे त्या दाण्यावर काटा उभा राहायचा. त्या पहाटे उठून बसायच्या. मी एकदा विचारलं, दुपारी का नाही करत? म्हणाल्या, ‘गार हवा असल्याशिवाय काटा येत नाही गं. भिवंडीत तरी थंडी असते कुठे! संक्रांतीच्या आधीचे हे आठ दिवस, तेवढेच काय ते.’

आणि मी त्यांना अक्षाचा कल समजावून सांगितला. सूर्य तर केव्हाच वळलाय, तुमचं पंचांग मागे राहिलंय. त्यांनी ऐकून घेतलं आणि दाणे फिरवत राहिल्या. मी आत जाऊन पेपर तपासायला बसले. एक माणूस मला हवामानाबद्दल स्वतः पाहिलेली गोष्ट सांगत होता आणि मी त्याला पुस्तकातलं वाक्य ऐकवत होते. अज्ञानी कोण होतं त्या स्वयंपाकघरात? हा प्रश्न तेव्हा मला पडला नाही. आता त्या नाहीत.

दुसरी गोष्ट याहून वाईट आहे. आम्ही ब्राह्मण आळीत राहतो. भिवंडी बाहेरच्यांना यंत्रमागाचं गाव म्हणून माहीत असते, किंवा 1970 आणि 1984 च्या दंगलींमुळे. गावात राहणाऱ्यांना ती आळ्या आणि मोहल्ल्यांनी माहीत असते. कोकणी मुसलमान इथले जुने रहिवासी. माग चालवायला उत्तर प्रदेशातून आझमगड, मऊकडचे विणकर आले, तेलंगणातून पद्मशाली आले, ते पद्मानगरात वसले. भोवतालच्या गावांत आगरी आणि कोळी. मी या सगळ्यांच्या मुलांना शिकवलं. तरी माझ्या मनात एक पक्की समजूत होती, की आकाश, नक्षत्रं, ऋतू यांचं ज्ञान हे आमच्याकडचं आहे. जुनं पंचांगातलं असो की नवं पुस्तकातलं, दोन्ही आमच्याच आळीतून निघून बाहेर जातं. मागावाल्यांच्या घरात दिवसपाळी आणि रात्रपाळी एवढाच काळ चालतो, असं मी मानायचे. कुणाला बोलून दाखवलं नाही. पण वर्गात प्रश्न विचारताना नजर कुठल्या बाकांवर आधी जाते, ते मुलांना कळतंच.

निवृत्तीनंतर एका उर्दू माध्यमाच्या शाळेत विज्ञान प्रदर्शनाच्या प्रकल्पासाठी मार्गदर्शन करायला गेले. विषय मीच सुचवला: काठीच्या सावलीवरून दक्षिणायनाचा शेवट शोधणं. साधा प्रयोग. सपाट गच्चीवर एक मीटरची सळई सरळ उभी करायची आणि रोज माध्यान्हीची सावली जमिनीवर खुणेने नोंदायची. ज्या दिवशी सावली सगळ्यांत लांब, तो अयनाचा दिवस. सळई ताठ उभी आहे की नाही ते पाहायला ओळंबा हवा होता. एका मुलाने खिशातून सुताची कांडी काढली, तिचा दोरा सोडून त्याला लोखंडी नट बांधला आणि सळईला लावून धरला. वडील मागावर. मुलगा फारसा बोलणारा नव्हता.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून मुलं खुणा करू लागली. मी अधूनमधून जाऊन वही पाहायचे. बावीस तारीख उलटल्यावर गेले, तेव्हा गच्चीवर खुणांचा गुंता झालेला होता. रेघा एकमेकींवर चढलेल्या. वहीत एकोणीस तारखेची सावली बावीसपेक्षा किंचित लांब. चोवीसची पुन्हा बावीसएवढीच. मी म्हणाले, मोजताना चूक झाली असणार. बावीसची सगळ्यांत लांब लिहा.

तो ओळंब्यावाला मुलगा म्हणाला, ‘पण टीचर, खुणेत तसं दिसत नाय.’

मी म्हणाले, ‘दिसत नसलं तरी तसंच असतं.’

हे वाक्य तोंडातून गेलं आणि मला ते ऐकू आलं. आयुष्यभर मी ज्यांना नावं ठेवली, ते हेच म्हणत असत ना? दिसत नसलं तरी शास्त्रात तसं आहे. मी विज्ञानाच्या नावाखाली एका बारा-तेरा वर्षांच्या मुलाला सांगत होते की डोळ्यांनी पाहिलेलं खोड आणि छापलेलं लिही.

घरी येऊन हिशेब केला, जो मी आधी कधीच केला नव्हता. भिवंडीचा अक्षांश 19 अंश 18 मिनिटांच्या आसपास. 22 डिसेंबरला एक मीटर सळईची माध्यान्हसावली साधारण 92 सेंटिमीटर भरते. त्याच्या आठवडाभर आधी ती जेमतेम सहा मिलिमीटरने कमी असते. आणि सूर्य हा बिंदू नाही, तबकडी आहे. त्यामुळे सावलीची कडा रेघेसारखी येत नाही, ती धूसर असते आणि त्या धूसर पट्ट्याची रुंदीच दीड सेंटिमीटरहून जास्त. म्हणजे अयनाच्या आगेमागे आठ-दहा दिवस साध्या काठीने कुणालाही नेमका दिवस सांगता येणार नाही. सूर्य त्या दिवसांत थांबल्यासारखाच असतो. मुलांची वही बरोबर होती. ज्या तारखेच्या जोरावर मी सगळ्यांना हसत आले, ती तारीख मी स्वतः कधी पाहिलीच नव्हती, आणि गच्चीवरच्या काठीने ती दिसणारही नव्हती.

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. मुलांना म्हणाले, जे दिसलं तेच लिहा. सावली कधी वळली ते आपल्याला आज कळणार नाही, थोडे दिवस थांबू. तेव्हा तो मुलगा आजोबांचा हवाला देत म्हणाला, ‘दादा बोलतात, अजून चिल्ला लागला नाय. धनूचे पंधरा राहिले की चिल्ला लागतो. मग मकरचे पंचवीस. चाळीस दिवस खरी थंडी. मग सुटते.’

मी त्याला विचारलं, ‘धनू, मकर हे तुमच्या घरात कुणाला माहीत?’

हा प्रश्न मी विचारला. शब्द तसे सभ्य आहेत. पण त्यात ‘तुमच्या घरात’ कशासाठी होतं, ते मला माहीत आहे, आणि बहुधा त्यालाही कळलं, कारण तो लगेच बोलला नाही. मग म्हणाला, ‘गावाला शेती आहे ना टीचर. गव्हाला थंडी लागते.’

बस, एवढंच. पूर्व उत्तर प्रदेशात शेतकऱ्याच्या तोंडी असलेला हिशेब: सूर्य धनू राशीत असतानाचे शेवटचे पंधरा दिवस आणि मकरेतले पहिले पंचवीस मिळून चिल्ल्याचे चाळीस दिवस. हिंदू शेतकरी तो सांगतो, मुसलमान शेतकरीही सांगतो. म्हातारा मऊकडून भिवंडीला मुलाकडे राहायला आला, शेत मागे राहिलं, हिशेब बरोबर आला. पत्र्याखाली, मागांच्या खडखडाटात बसून तो म्हातारा सूर्याच्या राशी मोजत होता. आणि मी, त्याच्या नातवाची गुरू, समजत होते की या वस्तीत आकाश नाही.

तो हिशेब तपासून पाहिला तर चोखही निघतो. दिवस सगळ्यांत लहान होतो तेव्हा थंडी सगळ्यांत जास्त नसते. जमीन आणि पाणी सावकाश निवतात, म्हणून उत्तर भारतात थंडीचा कळस जानेवारीत येतो. काश्मिरात चाळीस दिवसांचा चिल्ला-ए-कलां 21 डिसेंबरला सुरू होतो, म्हणजे तिथेही कडाक्याची थंडी अयनानंतरच. सासूबाईंच्या हलव्याला काटा यायचा तो जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात. मागावाल्याच्या घरातला म्हातारा आणि शेगडीपुढची माझी सासू एकच गोष्ट सांगत होते, आणि दोघांना सोडून मी फळ्याकडे तोंड करून उभी होते.

जानेवारीच्या मध्यावर आम्ही गच्चीवर गेलो. सळईची सावली 86 सेंटिमीटरवर आली होती. डिसेंबरातल्या त्या गुंत्यापासून सहा सेंटिमीटर अलीकडे. त्या मुलाने मधल्या मोकळ्या जागेवर हाताची चार बोटं आडवी ठेवली आणि वर पाहिलं. आता शंकेला जागा नव्हती, कुणालाही दिसत होतं. सूर्य वळला होता. वहीत आम्ही लिहिलं: सावली सर्वांत लांब होण्याचा नेमका दिवस आमच्या साधनाने सांगता येत नाही, तो डिसेंबरातल्या गुंतलेल्या खुणांच्या दरम्यान कुठेतरी आहे. माझ्या नोकरीत मी मुलांकडून इतकं खरं वाक्य एकदाही लिहून घेतलं नव्हतं.

याचा अर्थ आपल्या पूर्वजांनी मुद्दाम तीन आठवडे थांबून सण ठेवला, असं मी म्हणत नाही. ते खरं नाही. सण अयनाच्या दिवशीच होता, तो सरकला. आजही सरकतोच आहे. स्वामी विवेकानंदांचा जन्म संक्रांतीचा, तारीख 12 जानेवारी 1863. पानिपताची लढाई संक्रांतीच्या दिवशी झाली असं आपण सगळेच म्हणतो, पण 14 जानेवारी 1761 ही संक्रांत नव्हती. त्या वर्षी ती तीन-चार दिवस आधीच होऊन गेली होती. आता ती अधूनमधून 15 तारखेला येते. पण आता ही गोष्ट मी कुणाची फजिती करण्यासाठी सांगत नाही.

मग पुन्हा वाचायला बसले, या वेळी पाठ करायला नव्हे. वराहमिहिराने सहाव्या शतकात बृहत्संहितेत लिहून ठेवलंय, की पूर्वीच्या शास्त्रांत उत्तरायण धनिष्ठा नक्षत्रापासून सांगितलंय, आता ते मकरेच्या आरंभी होतं, आणि फरक पडला असेल तर तो प्रत्यक्ष पाहून ठरवावा. पाहायचं कसं, तेही सांगतो: दूरवरच्या खुणेशी सूर्याचा उदय-अस्त ताडून, किंवा सावलीवरून. हा उतारा मी पूर्वीही वाचला होता. ‘पंचांग चुकतं’ याचा पुरावा म्हणून वापरलाही होता. ‘जाऊन पाहा’ हा त्यातला भाग मी वगळला होता.

आणखी एक गोष्ट खुपली. घसरलेल्या तारखेबद्दल मी फक्त संक्रांतीला बोल लावत होते. प्राचीन रोममध्ये 25 डिसेंबर हाच अयनाचा दिवस मानत. चौथ्या शतकातल्या नोंदीत त्याच दिवशी अजिंक्य सूर्याचा उत्सव आहे, आणि येशूचा जन्मही. वसईत चारशे-पाचशे वर्षं नाताळ त्याच तारखेला होतोय. अयन त्या तारखेवरून सरकलं, सण राहिला. नाताळ चुकीच्या दिवशी येतो, असं मी वर्गात कधी म्हटलं नाही. इराणची दिनदर्शिका ऋतूंना बांधलेली आहे, म्हणून तिथे वर्षातली सगळ्यांत लांब रात्र आजही नेमकी साजरी होते. यल्दा किंवा चिल्ला म्हणतात तिला. डाळिंब आणि कलिंगड खात घरची माणसं जागतात. दक्षिण चीनमध्ये त्याच सुमारास तांदळाच्या पिठाचे गोळे करून खातात. दक्षिण गोलार्धात पेरूचा इंती रायमी जूनमध्ये येतो, कारण तिकडचा हिवाळा तेव्हा. आयर्लंडमधल्या न्यूग्रेंजला पाच हजार वर्षांपूर्वी लोकांनी दगडांचा ढिगारा असा रचला की अयनाच्या सकाळी सूर्याचा किरण दारावरच्या फटीतून थेट गाभाऱ्यात जावा. जिथे जिथे माणसाला थंडी वाजली, तिथे त्याने सूर्याकडे लक्ष ठेवलं. मी मात्र ते लक्ष एका आळीच्या नावावर लावून मोकळी झाले होते.

इतकं लांब जायचीही गरज नव्हती. पद्मानगरात भोगीच्या पहाटे होळी पेटते, दारात मुग्गू काढतात, रांगोळीच. संध्याकाळी लहान मुलांना पाटावर बसवून डोक्यावरून बोरं, उसाचे तुकडे आणि नाणी ओततात. पहिल्यांदा ते पाहायला गेले तेव्हा माझ्या मुलाचं बोरन्हाण आठवून मी उभीच राहिले. काळं झबलं नव्हतं, हलव्याचे दागिने नव्हते, बाकी सगळं तेच. ज्यांच्या घरी हे होतं त्या बाई माझ्या शाळेतल्या मुलाच्या आई होत्या. इतकी वर्षं मी त्यांच्याकडे गेले नव्हते. त्यांनी बोलावलं नव्हतं असं नाही.

आणि बिशीत, म्हणजे कामगारांच्या खाणावळीत, जेवणारे पूर्वांचलचे कारागीर संक्रांतीला खिचडीच म्हणतात. गोरखपूरच्या गोरखनाथ मंदिरात त्या दिवशी खिचडी चढवतात. आमच्याकडे भोगीला मुगाची खिचडी आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी होते, दुसऱ्या दिवशी त्यांच्या पातेल्यातही तांदूळ आणि डाळच शिजते.

सगळंच मत बदललं असं नाही. संक्रांत कोणत्या वाहनावर बसून आली, तिने काय नेसलंय आणि त्यावरून कुणाचं वाईट होणार, या दरवर्षीच्या अफवांना मी आजही ठाम नाही म्हणते. हळदीकुंकवाला विधवेला न बोलावणं ही क्रूर गोष्ट आहे असं मला तेव्हाही वाटायचं, आजही वाटतं. पूर्वी मी त्या कारणाने हळदीकुंकूच करत नव्हते. सासरे गेल्यावर सासूबाई कुणाच्या वाणाला गेल्या नाहीत, आणि मी घरात काहीच न केल्याने त्यांना घरातही ते मिळालं नाही. तत्त्व माझं राहिलं, एकटेपण त्यांच्या वाट्याला आलं. आता मी संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंतचा एक दिवस ठरवते, आळीतल्या, पद्मानगरातल्या, मोहल्ल्यातल्या ओळखीच्या सगळ्या बायकांना बोलावते, आणि कुणाला नवरा आहे की नाही हे विचारत नाही. हलवा विकतचा असतो. मला काटा आणता येत नाही. शिकवणारी माझ्याच घरात होती.

तुमच्या घरात शाळेत जाणारं मूल असेल तर एक विनंती आहे. येत्या डिसेंबरच्या दहा तारखेपासून अंगणात, गच्चीवर, जिथे दुपारी ऊन येतं तिथे एक काठी ओळंब्यात उभी करा. बारा ते एकच्या दरम्यान त्या दिवसाची सावली सगळ्यांत आखूड होते, तिथे खूण करा आणि तारीख घाला. रोज जमलं नाही तरी चालेल. संक्रांतीपर्यंत चालू ठेवा. पोराने जे पाहिलं तेच त्याला लिहू द्या. आणि शेजारी जे कुणी राहत असतील, कुठल्याही गावचे, कुठल्याही धर्माचे, त्यांच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा की तुमच्याकडे थंडी कशी मोजतात.